संवेग 'अक्षय्य', मग ऊर्जा 'नष्ट' कशी?

कोपरी, ठाणे: नववीच्या विज्ञानात 'संवेग अक्षय्यता' वाचलं (संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग). क्लासच्या नोट्समध्ये त्याच जागी 'संवेग संरक्षण' आहे आणि खाली 'अलवचिक टक्करीत ऊर्जा नष्ट होते' असं वाक्य. अक्षय्यता आणि संरक्षण एकच का? आणि ऊर्जा नष्ट होत असेल तर ती अक्षय्य कुठली?

वाशी: 'संरक्षण' हिंदीतून आलं. मराठीत संरक्षण म्हटलं की कुणीतरी राखण करतंय असं वाटतं. इथे राखणदार कुणी नाही, म्हणून 'अक्षय्य' बरं. पाणिनीच्या सूत्राप्रमाणे क्षय्य म्हणजे क्षय होणं शक्य असलेलं. अक्षय्य म्हणजे जे झिजूच शकत नाही.

फक्त 'कशाचा' क्षय नाही ते नीट लिहा. दोन्ही वस्तूंच्या संवेगांची बेरीज अक्षय्य असते, एकेकीचा संवेग बदलतोच. तेही बाहेरचं बल नगण्य असेल तर, म्हणून आकडे टक्करीच्या अगदी आधीचे आणि अगदी नंतरचे घ्यायचे. नंतर घर्षण सगळं खातं.

कळवा: कॅरमवर बघा. स्ट्रायकर १५ ग्रॅम, सोंगटी ५ ग्रॅम धरा. स्ट्रायकर ४ मीटर प्रति सेकंदाने सोंगटीवर सरळ बसला आणि टक्कर आदर्श, म्हणजे गतिज ऊर्जा न गमावणारी असली, तर तो २ ने पुढे जातो, सोंगटी ६ ने सुटते. संवेग आधी १५×४ = ६० ग्रॅम-मीटर प्रति सेकंद, नंतर ३० + ३०. गतिज ऊर्जा, म्हणजे हालचालीची ऊर्जा (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग), आधी १२० मिलिज्यूल, नंतर ३० + ९०.

प्रत्यक्षात टक्कर थोडी अलवचिक असते: 'टक्' असा आवाज होतो, लाकूड किंचित दबतं. समजा सोंगटी ५.४ ने सुटली. मग स्ट्रायकर २.२ वरच असणार, कारण ३३ + २७ = ६०. संवेगाचा हिशेब पैन्‌पै जुळला. ऊर्जा मात्र ३६.३ + ७२.९ = १०९.२. उरलेली १०.८ उष्णतेत आणि आवाजात गेली, नष्ट नाही झाली. नोट्समधलं वाक्य 'गतिज ऊर्जा कमी होते' असं हवं. 'गतिज' गाळल्यामुळेच घोळ झालाय.

वाशी: तुर्भ्यासारख्या रेल्वे यार्डातलं शंटिंग, म्हणजे डबे ढकलून जोडणं, तर दुसरं टोक. २० टनांचा रिकामा डबा २ मीटर प्रति सेकंदाने येऊन ६० टनांच्या उभ्या डब्याला जोडला गेला, तर दोन्ही मिळून ०.५ ने सरकतात. ४० किलोज्यूलमधले १०च उरतात, बाकीचे बहुतेक कपलरमागच्या (डबे जोडणाऱ्या आकड्यामागच्या) स्प्रिंगा आणि घर्षण गिळतात.

नौपाडा: 'अलवचिक' हा शब्दही खटकतो. लवचिक म्हणजे वाकणारं. ओली शाडू माती हवी तशी वाकते, पण आपटली की चिकटून बसते. पोलादाची गोळी हाताने दाबली तर वाकत नाही, तरी उसळते. गुण परत मूळ आकारात येण्याचा आहे, म्हणून 'स्थितिस्थापक'. जिभेला जड आहे, पण अर्थ चोख आहे.

कोपरी, ठाणे: आणि आवेग?

कळवा: बल गुणिले वेळ, म्हणजेच संवेगातला बदल. वरच्या आदर्श टक्करीत सोंगटीला मिळालेला आवेग ०.०३ न्यूटन-सेकंद, स्ट्रायकरला तेवढाच, उलट दिशेने. रोजच्या मराठीत आवेग माणसाला येतो, इथे तो टक्करीत मिळतो. संवेग वस्तूकडे असतो. पेपरात या दोघांची अदलाबदल सर्रास होते, कारण एकक सारखंच पडतं.

वाशी: दुसरी हमखास चूक चिन्हाची. सारख्या वस्तुमानाच्या दोन सोंगट्या सारख्याच वेगाने समोरासमोर आल्या तर एकूण संवेग शून्य, कारण एकीचा वेग उणे. ऊर्जेत वेगाचा वर्ग, तिथे उणे उरतच नाही. मुलं संवेगातही दोन्ही अधिक धरतात आणि मग उत्तर का जुळत नाही म्हणून खोडरबर झिजवतात.