दोन मांजरं एकमेकांच्या जिवावर उठलीयत, डॉक्टर रोजची गोळी सुरू करूया म्हणतायत, करू का?

कुळागरकाठ (फोंडा)

नमस्कार सगळ्यांना. खूप दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. आमच्याकडे दोन मांजरं, मंगू बोका साडेपाच वर्षांचा आणि सोनी तीन वर्षांची, दोघांचीही ऑपरेशनं झालेली, सोनी पिल्लू असताना आली तेव्हापासून दोघं एकाच टोपलीत झोपायची. जूनमध्ये एका रात्री लाईट गेलेली, बाहेर धो धो पाऊस, आणि कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) एक दांडगा बोका खिडकीच्या गजांपाशी येऊन गुरगुरायला लागला. मंगू आतून फुगलेला, त्याला बाहेर काही जाता येईना, तेवढ्यात सोनी नेहमीसारखी मागून त्याच्या अंगाला घासायला गेली आणि त्याने वळून तिलाच धरलं. ते ओरडणं अजून माझ्या कानात आहे. शेवटी मध्ये उशी टाकून सोडवलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. सोनीच्या मानेवर चावल्याचं गळू झालं, ते डॉक्टरांनी फोडून साफ केलं, ती जखम भरली पण ती आता कपाटावरच राहते, जेवण वर द्यावं लागतं, आणि शू पण तिथेच जुन्या गोधडीवर करते. मंगू खाली बसून तिच्याकडे टक लावून बघत राहतो, आवाज नाही काही नाही, फक्त शेपटीचं टोक हलतं. ती उतरायला गेली की हा पाठी.

डॉक्टर मंगूला फ्लुओक्सेटिन (माणसांना डिप्रेशन, टेन्शनसाठी देतात ती गोळी) देऊया म्हणाले. सासूबाई म्हणतात मुक्या जनावराला कसल्या त्या डोक्याच्या गोळ्या, हे म्हणतात एकाला कुणाकडे तरी देऊन टाकू. मला दोघांतलं कोणालाच द्यायचं नाहीये. कुणी दिलीय का ही गोळी? मंगू नुसता झोपून राहील का? सोनीलाही द्यायची का? आणि किती दिवस?

म्हापशेकर

ताई, देऊ नका कुणाला. आमच्याकडे अगदी हेच झालेलं, फक्त आमच्याकडे निमित्त पोदेराचं (पाववाल्याचं) पोंपों झालं, सकाळी तो दारात हॉर्न वाजवायचा आणि मोठा बोका दचकून धाकट्यावर पडायचा. खऱ्या शत्रूपर्यंत पोचता आलं नाही की जवळ असेल त्याच्यावर राग काढतात, आणि एकदा तसं झालं की पुढे त्या दुसऱ्या मांजराला बघितलं तरी तो राग जागा होतो. मंगू दुष्ट झालेला नाही.

गोळीच्या आधी एक विचारतो, मंगूचे दात आणि रक्त तपासलं का? आमच्या बोक्याची मागची दाढ आतून किडलेली निघाली, वरून काही दिसत नव्हतं, जेवत पण होता. दुखणाऱ्या मांजराला कुणी अंगाला लागलेलं खपत नाही. दाढ काढली तेव्हा अर्धा राग तिथेच गेला. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही फ्लुओक्सेटिन दिलं, आठ महिने.

झोपून राहील का विचारलंत. पहिला आठवडा दहा दिवस आमचा थोडा सुस्त होता आणि जेवण कमी झालं, मग नेहमीसारखा. खेळायचा, दारात यायचा, मांडीवर बसायचा, सगळं तोच. फरक कळायला मात्र पाच आठवडे लागले, तोपर्यंत मला रोज वाटायचं पैसे पाण्यात गेले. एकदम काही नाही होत, एक दिवस लक्षात आलं की धाकटा समोरून गेला आणि मोठ्याने नुसता कान वळवला. आधी असं झालं की तो उडी घ्यायचा. आता रागाला पोचायला त्याला वेळ लागत होता, आणि तेवढ्या वेळात आम्ही त्याचं लक्ष दुसरीकडे वळवू शकत होतो.

आणि आत्ता दोघं एकाच खोलीत आहेत का? असतील तर आजच वेगळी करा, गोळी सुरू व्हायची वाट बघू नका. तो टक लावून बघणं हाच हल्ला आहे, सोनीसाठी रोजचा.

औषधवाली_मडगाव

मी डॉक्टर नाही, फार्मसीत काम करते आणि घरी चार मांजरं आहेत, त्या हिशोबाने लिहिते. डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार.

मांजरात फ्लुओक्सेटिन साधारण किलोमागे अर्धा ते एक मिलीग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे चार किलोच्या मांजराला दोन ते चार मिलीग्रॅम, आणि आपल्याकडे माणसांची कॅप्सूल असते 20 ची. ती उघडून घरी चिमटीने भाग पाडायच्या फंदात पडू नका, एका दिवशी दुप्पट जाईल, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. डॉक्टरांना विचारा पातळ औषधातून मोजून द्यायचं की बारीक डोस बनवून घ्यायचा. कानाला चोळायचं जेल कुणी सुचवलं तर ह्या औषधाच्या बाबतीत ते अंगात फार कमी जातं. गोळीच बरी. मांजरांसाठी म्हणून हे औषध मंजूर झालेलं नाही, कुत्र्यांसाठी अमेरिकेत 2007 साली झालं, पण मांजरांचे डॉक्टर वर्षानुवर्षं वापरतायत, त्यात लपवाछपवीचं काही नाही, सासूबाईंना सांगा की हे औषध मेंदूतल्या ज्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतं ते माणसात आणि मांजरात एकच असतं.

सोनीचं वेगळं आहे. मार खाणाऱ्या मांजराला कधी कधी बुस्पिरोन देतात, त्याने तिला थोडा धीर येतो, पळण्याऐवजी जागेवर उभी राहते, आणि पळणारं दिसलं नाही की पाठलाग करणाराही थंडावतो. पण तेच औषध मारणाऱ्याला दिलं तर तो जास्त शेफारू शकतो, त्यामुळे एकाची बाटली दुसऱ्याला चालत नाही, आणि दोघांना एकाच ताटात औषध कालवून ठेवायचं तर मुळीच नाही.

दवाखान्यात नेताना किंवा फटाक्यांच्या दिवशी मांजर शांत राहावं म्हणून गॅबापेन्टिन देतात, दोन तीन तास आधी, त्याने मांजर थोडं झोकांड्या खातं म्हणून उंचावर चढू देऊ नका. ते आणताना पाकीट नीट वाचा!! आपल्याकडे गॅबापेन्टिनच्या किती तरी स्ट्रिपांत नॉर्ट्रिप्टिलीन हे डिप्रेशनचं दुसरं औषध मिसळलेलं असतं, नावापुढे एनटी लिहितात, आणि फ्लुओक्सेटिन चालू असताना ते पोटात गेलं तर धोका आहे. साधं, एकच औषध असलेलं मागा. तसंच घरात कुणाच्या झोपेच्या, टेन्शनच्या गोळ्या असतील त्यातला तुकडा नको, डायझेपामने काही मांजरांची लिव्हर बसलीय. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही, एका गोळीने मांजर जातं.

फ्लुओक्सेटिन एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं, बरं दिसलं तरी काही महिने चालू ठेवतात. मंगू बोका आहे म्हणून एक गोष्ट रोज बघा, तो शू किती करतो. टेन्शनमध्ये बोक्यांची लघवी अडते. रेतीत जाऊन बसतोय, जोर करतोय आणि काही येत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठा.

परसातली_माय (डिचोली)

मी गोळीच्या विरुद्ध आहे असं नाही बाये पण घाई नको असं माझं मत. माझ्या घरी चाळीस वर्षं मांजरं आहेत, आताही सहा. भांडली की आम्ही दार लावतो. एक आतल्या खोलीत, एक बाहेरच्या, आणि रोज संध्याकाळी अदलाबदल, म्हणजे कुणालाच वाटत नाही की घर आपल्या एकट्याचं. जुन्या फडक्याने एकाचे गाल पुसायचे आणि ते फडकं दुसऱ्याच्या ताटाखाली घालायचं. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आधी लांब, मग रोज चार बोटं जवळ. कुणी जेवण सोडून दाराकडे बघत बसलं तर दुसऱ्या दिवशी परत मागे. महिना लागतो, दोन लागतात.

आणि रेतीची भांडी दोघांना तीन हवीत, तीन ठिकाणी. खिडकीला खालून अर्ध्यापर्यंत कागद चिकटव म्हणजे तो कुळागरातला पुंड दिसणार नाही, आणि त्याचं ऑपरेशन करून घेता आलं तर बघ. परत कधी भांडली तर हात घालू नकोस. मी घातलेला, चार दात आरपार. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतला आणि इंजेक्शनं घेतली. पुठ्ठा घाल मध्ये, मोठा.

म्हापशेकर

मायं, तुमची पद्धत शंभर टक्के बरोबर, आम्हीही तेच केलं, पण गोळीशिवाय तीन महिने करून बघितलं आणि दर वेळी जाळीच्या दारापर्यंत येऊन गाडी अडायची, मोठा जाळीवर झेप घ्यायचा आणि सगळं पहिल्यापासून. गोळीने त्याला जाळीसमोर बसून जेवता आलं. नुसती गोळी देऊन दोघांना एकत्र सोडलं असतं तर तेही फुकटच गेलं असतं. ताईंची सोनी पाच आठवडे कपाटावर आहे हो, तिला अजून किती थांबायला लावायचं?

परसातली_माय (डिचोली)

ते कपाटावरचं वाचून मलाही बरं वाटलं नाही. दे बाये औषध, पण दार पण लाव.

कुळागरकाठ (फोंडा)

सगळ्यांचे खूप आभार. त्याच रात्री मंगूला आमच्या खोलीत घेतलं आणि सोनीला हॉल दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती कपाटावरून उतरून जमिनीवर ऊन पडलेल्या तुकड्यात आडवी झालेली, पोट वर करून. मी रडलेच.

मंगूचं रक्त आणि दात ठीक निघाले. गोळी सुरू करून सहा दिवस झाले. जेवण अर्ध्यावर आलंय, काळजी करू का? आणि गोळी तारल्यात लपवली तर पहिल्या दिवशी खाल्ली, आता तारलं हुंगून निघून जातो. मासेमारी बंद म्हणून 31 जुलैपर्यंत ताजे तारले आधीच मिळत नाहीत धड.

औषधवाली_मडगाव

अर्धं जेवतोय तर डॉक्टरांना फोन करून सांगून ठेवा, बहुतेक सावरेल. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र दाखवाच, मांजर दोन तीन दिवस उपाशी राहिलं की चरबी लिव्हरवर चढते. जेवण किंचित कोमट करून द्या, वास सुटतो.

हे औषध कडू आहे, एकदा दाताखाली आलं की तो माशावरच डूख धरणार, म्हणून त्याच्या आवडत्या जेवणात घालूच नका. पातळ करून दिलंय की गोळीच? गोळी असेल तर रिकाम्या छोट्या कॅप्सूलमध्ये घालून मिळते का विचारा. मग उकडलेल्या चिकनचे तीन तुकडे, पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, आणि तो गिळायच्या आत तिसरा नाकासमोर. तिसऱ्याच्या घाईत दुसरा जातो. हाताने घशात टाकावी लागली तर मागून सुई नसलेल्या सिरिंजने पाच सहा मिली पाणी हळूहळू गालाच्या बाजूने, नाहीतर सुकी गोळी अन्ननलिकेत चिकटून बसते.

कुळागरकाठ (फोंडा)

बरेच दिवसांनी लिहितेय, चतुर्थीची गडबड होती. तीन तुकड्यांची युक्ती अजून चालू आहे. जेवण दुसऱ्या आठवड्यात नीट झालं. चौथ्या आठवड्यापर्यंत मला काहीच फरक दिसत नव्हता, म्हापशेकरांचं वाचलं नसतं तर मी बंदच केली असती.

नवऱ्याने खोलीच्या दाराला जाळीचं दुसरं दार करून दिलं, जे एकाला देऊन टाकूया म्हणत होते त्यांनीच. चतुर्थीला घरात पंधरा माणसं आणि बाहेर फटाके, त्या दोन दिवसांसाठी डॉक्टरांनी सोनीला गॅबापेन्टिन दिलं (पाकिटावर एनटी नाही ते दोनदा वाचून घेतलं), ती खाली गादीवर झोपून राहिली. घरात मासे नव्हते त्या दिवसांत, तर सासूबाईंनी स्वतः परसात वेगळी चूल मांडून दोघांसाठी चिकन उकडलं आणि मंगूच्या गोळीची वेळ झाली म्हणून मला हाक मारली.

काल जाळीच्या दोन्ही बाजूंना ताटं होती, मध्ये वीतभर अंतर. सोनीचं आधी संपलं. ती जाळीपाशी आली, मंगूने मान वर केली, मी पुठ्ठा हातात घेऊन उभीच. त्याने तिच्याकडे बघितलं, डोळे हळू मिटले, उघडले, आणि परत ताटात तोंड घातलं. दार अजून उघडलेलं नाही. डॉक्टर म्हणाले आणखी दोन आठवडे असंच चालू दे, मग पाच मिनिटं.