विन स्कली: समालोचक, निवेदक की आणखी काही?

टांकसाळ: विन स्कली, म्हणजे डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाचे सामने रेडिओ-टीव्हीवरून ऐकवणारा आवाज. त्याच्यावरचा लेख मराठीत आणते आहे. १९५० साली ब्रुकलिनमध्ये सुरुवात, १९५८ला डॉजर्सपाठोपाठ लॉस एंजेलिस, २ ऑक्टोबर २०१६ला निवृत्ती. एकाच संघासाठी ६७ हंगाम. अडतंय पहिल्याच ओळीत: त्याला म्हणायचं काय? अमेरिकेत दोन कामं वेगळी: एक चेंडूगणिक घडतं ते सांगणारा, दुसरा मधल्या वेळात मल्लिनाथी करणारा, बहुधा माजी खेळाडू. स्कली डॉजर्ससाठी दोन्ही एकटाच करायचा. 'निवेदक' म्हटलं तर ऑर्केस्ट्रातला वाटतो.

पायमोडका: समालोचकच! धातू लोच्, म्हणजे बघणे. 'लोचन' त्यातलाच. ऐकणाऱ्याला डोळे पुरवतो तो समालोचक. लॉस एंजेलिसच्या कलिझियम स्टेडियममध्ये लांबच्या आसनांवरून धड दिसत नसे, म्हणून लोक मैदानात बसूनही ट्रान्झिस्टर कानाला लावून स्कली ऐकायचे.

अनुस्वार: व्युत्पत्ती गोड आहे, पण वापर बघा. समालोचन म्हणजे मागाहून घेतलेला आढावा. म्हणून तर त्याला 'धावतं' जोडावं लागलं. साधं 'वर्णन' काय वाईट? स्कलीचा गुरू रेड बार्बर टेबलावर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. वाळू संपली की धावसंख्या सांगायची, घड्याळ उलटं करायचं. हे चुकलं, तर रेडिओ नुकताच लावणाऱ्याला कितीही रसाळ वर्णन निरर्थक.

टांकसाळ: मग ८ एप्रिल १९७४? हँक आरनचा ७१५वा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका), बेब रूथचा जुना विक्रम मागे पडला, आणि स्कली माइक सोडून मागे गेला. नुसती गर्दी ऐकू दिली. हे कसलं 'वर्णन'?

पायमोडका: आणि उलट टोक ९ सप्टेंबर १९६५. डॉजर्सचा गोलंदाज (पिचर) कोफॅक्स, त्याचा पर्फेक्ट गेम: २७ फलंदाज, २७ बाद, एकही बेसवर पोचला नाही. नवव्या डावात स्कली अधूनमधून घड्याळातली वेळ सांगतो, थेट ९:४६पर्यंत. ध्वनिमुद्रण कोफॅक्सकडे आठवण म्हणून राहणार, त्यावर दिवस-वेळ हवी.

अनुस्वार: बेसबॉलला 'फलंदाज'? फारसी 'अंदाज' म्हणजे फेकणारा. गोलंदाज गोळा फेकतो. मग फलंदाजानं फळी फेकायची का?

पायमोडका: बेसबॉलमध्ये फेकतोच की, धावत सुटताना.

टांकसाळ: ते राहू द्या हो. समालोचक लिहू की नको?

अनुस्वार: आधी 'हंगाम' काढा, तो फारसी. ६७ 'मोसम' लिहा.

पायमोडका: मोसम अरबी आहे.