शब्दचर्चा: 'एक्स्पिडाइट'ला मराठीत काय म्हणाल? सोबत डेडहेड, डिटेन्शन आणि मंडळी

ओहायोचा टेम्पोवाला:
नमस्कार मंडळी, मी ओहायोत टोलेडोजवळ असतो, कार्गो व्हॅनचा धंदा आहे, एका गाडीवर सुरू केला होता आता तीन झाल्यात. माझा मावसभाऊ नवीन आलाय हाताखाली, इंग्रजी समजतं त्याला पण फोनवर ब्रोकर, म्हणजे माल मिळवून देणारे मधले लोक, जे भराभर बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं, म्हणून त्याच्यासाठी मराठीत एक कागद लिहायला घेतला आणि पहिल्याच शब्दाला अडलो. एक्स्पिडाइट. ह्याला काय लिहू?

काम काय ते सांगतो. समजा डेट्रॉइटच्या बाजूला गाड्यांच्या कारखान्यात वायरिंगचे पार्ट संपले, तिथे माल साठवून ठेवतच नाहीत, लागेल तसा मागवतात, त्यामुळे दोन पॅलेट माल आला नाही तर अख्खी लाईन बंद. मग रात्री अकराला फोन येतो, मी लरेडोला म्हणजे टेक्सासच्या बॉर्डरवर असेन तर तिथून माल उचलायचा आणि दीड हजार मैलांच्या वर रस्ता आहे, मध्ये गोडाऊन नाही, दुसऱ्याचा माल घ्यायचा नाही, ह्या गाडीतून त्या गाडीत टाकायचा नाही, थेट दारात. कराडला बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले "म्हणजे कुरिअर." आता कुरिअर म्हटलं की मला तो मोटारसायकलवर चेकबुक घेऊन येणारा दिसतो, आणि इथे गाडीत हजार किलो लोखंड असतं. तर सुचवा.

शब्दवेल्हाळ:
शीघ्र मालवाहतूक. द्रुत मालवहन पण चालेल. एक्स्पिडाइट शब्द लॅटिनमधला आहे, मूळ अर्थ बेडीतून पाय मोकळा करणं. त्वरित, सत्वर, शीघ्र ह्यातलं कुठलंही.

ओहायोचा टेम्पोवाला:
साहेब, रागावू नका, पण मी रात्री अडीचला इंडियानाच्या ट्रक स्टॉपवर भावाला "द्रुत मालवहन आलंय ऊठ" म्हणालो तर तो परत झोपेल.

चाकण नाका:
🤣🤣 आमच्याकडं असल्याला सरळ "अर्जंट गाडी" म्हणतात. मी चाकण एमआयडीसीत गाड्या लावतो, कंपनीतून फोन येतो "लाईन थांबतीय, अर्जंट गाडी पाठव" की पिकअप सोडायची. रोजच्या ठरलेल्या फेरीला मिल्क रन म्हणतात, आणि ही त्याच्या बाहेरची. पण अर्जंट म्हणजे कंपनीची घाई झाली, गाडीचा प्रकार नाही झाला. गाडीच्या बाजूनं म्हणायचं तर "स्पेशल". जसं वडापच्या जीपमधनं सीटवर जायचं का स्पेशल करून जायचं, तसं. स्पेशल केली की गाडी तुझ्या एकट्याची, मध्ये कुणाला घ्यायचं नाही, थेट.

ओहायोचा टेम्पोवाला:
अहो हे तर एकदम बसलं. कारण लोकांना वाटतं एक्स्पिडाइट म्हणजे गाडी जोरात पळवायची. गाडी तेवढीच पळते हो, हायवेची लिमिट सगळ्यांना सारखीच. वेळ वाचतो तो न थांबल्यामुळे आणि गाडी एकाच मालाला बांधलेली असते म्हणून. आमच्या इकडच्या ॲक्रन शहरातली रॉबर्ट्स एक्सप्रेस ह्या धंद्यातली जुनी कंपनी, ती पुढे फेडेक्सकडे गेली आणि २००० साली तिचं नाव फेडेक्स कस्टम क्रिटिकल झालं. बघा, नावात फास्ट नाही, कस्टम आहे. कस्टम म्हणजे काय, स्पेशलच की.

मोडी वाचक:
इतिहासातले शब्द हवेत तर आहेत. सांडणीस्वार, म्हणजे तातडीचा निरोप उंटिणीवरून नेणारा. जासूद, आणि जासूद बहुतेक वेळा जोडीनं पाठवत, पत्रांत "जासूद जोडी" असं येतं. अजुरा म्हणजे अशा कामाची ठरीव मजुरी, आणि अजुरदार म्हणजे तशा मजुरीवर लावलेला. टप्प्याटप्प्यावर माणसं किंवा घोडी बदलून जाण्याला "डाक बसवणे" म्हणत, आजचा पोस्टाचा डाक शब्द तोच. तुमच्याकडे दोन ड्रायव्हर आळीपाळीनं चालवतात त्याला काय म्हणतात?

ओहायोचा टेम्पोवाला:
टीम. पण "जोडी" मस्त आहे, घेतला! व्हॅनमध्ये जोडी फार नसते, मागे झोपायला जागा ती काय, एकजण पॅलेटला टेकून झोपणार. मोठ्या ट्रकला नवराबायकोची जोडी मात्र खूप दिसते.

आता दुसरा शब्द, डेडहेड. माल उतरवल्यावर पुढचा माल मिळेपर्यंत जे रिकामं चालवावं लागतं ते. मला स्वतःला "रिकामं" पुरत नाही कारण त्यात पोटात गोळा येत नाही. हिशोब बघा, ४०० मैलांचा लोड मिळाला मैलाला १.२० डॉलरनं, ४८० डॉलर, खूश. पण माल उचलायलाच १५० मैल रिकामं गेलो तर एकूण ५५० मैल, म्हणजे मैलाला ८७ सेंट पडले, आणि परतीचं अजून धरलंच नाही. नवा माणूस पहिल्या महिन्यात इथेच मरतो, तो १.२० वरच बघत बसतो. तर असा शब्द पाहिजे की ऐकल्यावर नुकसान दिसलं पाहिजे.

माणदेशी:
हेलपाटा.

ओहायोचा टेम्पोवाला:
🙏🙏🙏

शब्दवेल्हाळ:
वा. हेल म्हणजे ओझं, भार. गवताची हेल, लाकडांची हेल, आणि ते वाहणारा हेलकरी, म्हणजे शब्द मुळात मालवाहतुकीतलाच आहे, फक्त आपण तो तलाठी ऑफिसच्या फेऱ्यांना वापरून वापरून गुळगुळीत केला. खेप पण त्याच वर्गातला, खेप म्हणजे एका वेळेला नेलेला माल आणि ती फेरी, दोन्ही. डेडहेडची गंमत म्हणजे तो मुळात नाटकाच्या थिएटरातला शब्द, फुकट पासवर बसणारा प्रेक्षक, तिथून तो रेल्वेत गेला. म्हणजे त्यांच्याकडे फुकट बसलेला माणूस आणि आपल्याकडे फुकट गेलेली फेरी.

चाकण नाका:
एक दुरुस्ती. सगळं रिकामं म्हणजे हेलपाटा नाही. माल उतरवून रिकामी परत आली ती "रिकामी आली" किंवा "रिटर्न भाडं नाही मिळालं". हेलपाटा म्हणजे गाडी बोलावली, गाडी गेटवर लागली, आणि मग म्हणाले माल तयार नाही, उद्या या. किंवा ऑर्डरच कॅन्सल.

ओहायोचा टेम्पोवाला:
बरोबर, त्याला इथं वेगळा शब्द आहे, ट्रक ऑर्डर्ड नॉट यूज्ड, सगळे नुसतं टोनू म्हणतात, आणि त्याचे थोडे पैसे मिळतात, भांडलात तर. मग असं करू, डेडहेडला "रिकामी फेरी" आणि टोनूला "हेलपाटा". मैल लिहिताना दोन रकाने करतो, भरलेले आणि रिकामे.

मुक्काम पोस्ट कुडाळ:
डिटेन्शनला, म्हणजे माल चढवायला-उतरवायला गाडी ताटकळत ठेवतात त्याला, आमच्याकडचा शब्द घ्या, खोटी. "माझी खोटी केलंस" म्हणजे मला अडकवून ठेवलंस, माझा वेळ घालवलास. कामाची खोटी घाटावर पण म्हणतात ना? माझे आजोबा होडीचे मालक होते, माल उतरवायला बंदरावर उशीर झाला की हाच शब्द. ह्या खोटीचा आणि खोटं बोलण्याचा काही संबंध नाही, उगाच कोणी जोडू नये.

चाकण नाका:
म्हणतात की, कामाची खोटी. पण ट्रान्सपोर्टात आता "हॉल्टिंग". बिलात पण हॉल्टिंगच लिहितो, खोटी लिहिलं तर अकाउंटवाला विचारेल पावती खोटी हाय का 😄

ओहायोचा टेम्पोवाला:
हाहा. पण मला खोटी आवडला कारण त्यात चूक कुणाची ते आपोआप कळतं, खोटी केली म्हणजे कोणीतरी केली. हॉल्टिंगमध्ये मी आपला हौसेनं थांबलोय असं वाटतं. इथे साधारण पहिले दोन तास फुकट असतात, पुढे तासावर पैसे, पण गेटवर आल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ कागदावर सही घेऊन आणली नाही तर एक पैसा सुटत नाही. माझे एकदा एका गोडाऊनमध्ये सात तास गेले आणि मी वेळ लिहूनच घेतली नव्हती, नवीन होतो, ब्रोकर म्हणाला पुरावा दाखव, विषय संपला. रात्रभर थांबवलं तर त्याला लेओव्हर, तो आपला "मुक्काम".

माणदेशी:
आणि माल पोचल्याची सही म्हणजे पोच. त्याला दुसरा शब्द शोधू नका.

ओहायोचा टेम्पोवाला:
पोच. हो! प्रूफ ऑफ डिलिव्हरी लिहून लिहून बोटं दुखली आणि शब्द लहानपणापासून घरात होता, बाबांची मॅटॅडोर होती, कराडहून वाशी मार्केटला भाजी न्यायचे, आई पोच पावत्या तारेला टोचून ठेवायची.

नगरी:
उशिरा आलो. ब्रोकरला काय म्हणणार?

शब्दवेल्हाळ:
दलाल. वास वाईट येतो शब्दाला, पण अर्थ चोख आहे.

नगरी:
हुंडेकरी का नको? आमच्या नगरकडे आडनाव पण आहे. व्यापाऱ्याकडून माल अमुक ठिकाणी पोचवायचा ठेका घेणारा. आणि हुंडाभाडं म्हणजे जकात, महसूल, वाटखर्च सगळं धरून एकच ठरलेली रक्कम.

मोडी वाचक:
मुलीच्या लग्नातला हुंडा इथे आणू नका कोणी, प्लीज.

ओहायोचा टेम्पोवाला:
नगरकर, हुंडाभाडं ऐकून मी खुर्चीतून उठलो. ब्रोकर फोनवर हेच म्हणतो, "ऑल इन", म्हणजे पेट्रोल डिझेल टोल सगळं त्यातच, नंतर काही मागायचं नाही. त्याला मराठी शब्द असेल असं स्वप्नात वाटलं नव्हतं.

पण ब्रोकरला हुंडेकरी नाही म्हणता येणार. हुंडेकरी माल पोचवायची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घ्यायचा ना? इथला ब्रोकर नाही घेत. त्याच्याकडे गाडी नसते, तो फक्त मालवाल्याची आणि गाडीवाल्याची गाठ घालतो आणि मधले पैसे ठेवतो, सरकार त्याच्याकडून ७५,००० डॉलरचा बाँड घेतं ते तो गाडीवाल्याला बुडवून पळाला तर थोडं तरी हाती लागावं म्हणून. म्हणजे तो दलालच. स्वतःच्या नावावर माल घेणारा फ्रेट फॉरवर्डर असतो तो तुमचा हुंडेकरी.

पुणे ३०:
मला शब्दांपेक्षा धंद्यात इंटरेस्ट आहे 😅 भाऊ तिकडे आहे माझा. परवाना वगैरे काय लागतं?

ओहायोचा टेम्पोवाला:
थोडक्यात सांगतो, नाहीतर धागा भरकटेल. शब्द "पासिंग" आधी समजून घ्या, आपल्याकडे म्हणतात ना गाडी दीड टन पासिंग, तसं इथं गाडी आणि माल मिळून गाडी बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेलं कमाल वजन असतं. ते १०,००१ पौंड किंवा वर गेलं, म्हणजे साधारण साडेचार टन, की फेडरल नियमांची सगळी फौज मागे लागते, किती तास चालवायचं, त्याचा लॉग म्हणजे नोंद ठेवायची वगैरे. म्हणून व्हॅनवाले ट्रान्झिट, प्रोमास्टर, स्प्रिंटर ह्यातल्या त्या वजनाच्या खालच्या गाड्या घेतात. पण लोकांची चूक अशी होते की लॉग नाही म्हणजे परवाना नाही असं समजतात. दुसऱ्याचा माल पैसे घेऊन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणार तर ऑपरेटिंग ऑथॉरिटी म्हणजे धंद्याचा सरकारी परवाना लागतोच, अर्जाची फी ३०० डॉलर. विमा कायद्यानं ह्या छोट्या गाड्यांना ३ लाख डॉलरचा पुरतो पण व्यवहारात ब्रोकर १० लाखांचा मागतात आणि वर मालाचा १ लाखाचा, आणि नवीन माणसाला हप्ता असा येतो की गाडीच्या हप्त्याकडे बघून हसू येतं.

हे नको असेल तर स्वतःचा परवाना न काढता दुसऱ्या कंपनीच्या परवान्यावर चालवायचं, त्याला लीज ऑन म्हणतात. मी पहिली दोन वर्षं तेच केलं, आणि प्रत्येकाला तेच सांगतो.

चाकण नाका:
म्हणजे गाडी लावली. "गाडी कुठं लावलीय?" "अमक्या कंपनीला लावलीय." पार्किंग नव्हे.

ओहायोचा टेम्पोवाला:
तेच तेच. भावाच्या कागदात पहिली ओळ ती टाकतो, आधी गाडी लाव, मग परवाना काढ.

शब्दवेल्हाळ:
आणि तुमचं ते फ्लीट? तीन गाड्यांचं? ताफा म्हणा.

माणदेशी:
ताफा म्हटलं की मंत्र्याच्या गाड्या आणि पुढं सायरन दिसतो.

मोडी वाचक:
त्याआधी ताफा नाचगाण्याचा असायचा, कलावंतिणींचा ताफा. तांडा म्हणा, लमाणांचा बैलांचा तांडा, मीठ धान्य लादून मुलूखभर फिरायचे, लदेणीचा धंदा. मालवाहतुकीशी ह्यापेक्षा जवळचा शब्द नाही.

ओहायोचा टेम्पोवाला:
तांडा एकत्र जातो ना पण. माझ्या तीन गाड्या तीन दिशांना, आज एक जॉर्जियात, एक घरी, एक केंटकीत. बाबा म्हणायचे "दारात दोन गाड्या आहेत." मी "तीन गाड्या आहेत" एवढंच लिहितो, फ्लीटला शब्द पाहिजेच असं काही नाही.

पुणे ३०:
टेम्पो शब्दाचं काय, तुम्ही आयडीत टेम्पोवाला लावलंय. टेम्पो म्हणजे वेग म्हणून?

शब्दवेल्हाळ:
नाही हो, जर्मन कंपनीचं नाव. हॅम्बुर्गची विडाल आणि सोन, त्यांच्या गाड्यांचा ब्रँड टेम्पो, १९५८ पासून बजाज टेम्पो त्यांच्या परवान्यावर तीनचाकी बनवायला लागली. कंपनीनं २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं पण आपल्याकडे छोटी मालगाडी म्हणजे टेम्पोच राहिली. त्याच २००५ साली टाटा एस आली, तिला लोकांनी छोटा हत्ती केलं.

ओहायोचा टेम्पोवाला:
इथं तसंच स्प्रिंटरचं झालंय. ब्रोकर विचारतो "स्प्रिंटर आहे का" आणि त्याला कुठलीही उंच व्हॅन चालते, माझी तर फोर्ड आहे.

बाबांना काल परत फोन केला, म्हटलं स्पेशल गाडी मारतो मी, हुंडाभाड्यावर. म्हणाले, "मग आधी सांगायचं की. रिटर्न भाडं मिळतं का?" चार वर्षांत पहिल्यांदा धंद्याचा प्रश्न विचारला त्यांनी.

चाकण नाका:
माल उतरवला की काय कळवता? आमच्यात "खाली झाली" म्हणतात. गाडी खाली झाली, म्हणजे रिकामी.

ओहायोचा टेम्पोवाला:
इथं मेसेजमध्ये एम टी अशी दोनच अक्षरं टाकतात, एम्टी. आमच्या तिघांच्या ग्रुपवर मी आजपासून "खाली" सुरू केलं. सकाळी टाकलं "खाली झालो केंटकीत", तर मावसभावाचा लगेच फोन, "कुठे खाली? पडलास का?"