‘नियमन’, ‘नियंत्रण’ की सरळ ‘रोखणं’?

मांडवीकर: बडोद्यातल्या आमच्या मंडळात पेशीविभाजनावर व्याख्यान आहे, त्याचं मराठीकरण माझ्या गळ्यात पडलंय. अडलोय ते इथे: पेशी विभाजनात शिरली की सीडीके१ आणि पीएलके१ ही विकरं ५३बीपी१ या दुरुस्तीच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतात, मग ते डीएनएच्या तुटक्या जागी बसूच शकत नाही. विभाजन आटोपून फॉस्फेट निघाले की पुन्हा कामावर हजर. याला नियमन म्हणावं की नियंत्रण? ‘दमन’ फारच पोलिसी वाटतं.

सुरसागरकाठ: नियमनात धरणं-सोडणं दोन्ही आलं, नियंत्रणात नुसता लगाम. तुमच्या वाक्यात दोन्ही आहे, तेव्हा नियमन. पण श्रोत्यांसाठी ‘रोखून धरतात, मग सोडतात’ लिहा की! संस्कृतची पगडी कशाला?

दांडियाबाजार: ऐन विभाजनात दुरुस्ती बंद? उलटं तर नाही ना लिहिलंत?

मांडवीकर: नाही हो. २०१४ साली प्रयोगात दुरुस्ती त्या वेळी मुद्दाम चालू करून पाहिली, तर गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमियर, एकमेकांनाच जोडली जाऊ लागली. म्हणून पेशी तुटक्या जागेवर खूण तेवढी करून ठेवते, जोडकाम मागाहून.

रावपुरावाला: गुणसूत्र कशाला, रंगसूत्र म्हणा. मुलीच्या गुजराती पुस्तकात तेच आहे, आणि ग्रीक ‘क्रोमा’ म्हणजे रंगच. पण खरा घोळ तुमच्या पहिल्याच ओळीत आहे. इथल्या शाळांत आपल्या पेशीला ‘कोष’ म्हणतात आणि आपल्या ऊतीला ‘पेशी’! निम्मे श्रोते भलतंच विभाजन ऐकून घरी जातील.

काकू_बडोदे: आमच्या घरात पेशी खजुराची. पुण्याच्या भाच्याला म्हटलं, उपास आहे तर दोन पेश्या खा. तो बघतच राहिला.

शुद्धपक्ष: म्हणून काय मराठी व्याख्यानात कोष म्हणायचं? कोष रेशमाच्या किड्याचा. बडोद्याची मराठी आधीच अर्धी गुजराती झालीय.

रावपुरावाला: अहो, सयाजीरावांच्या १९३१च्या शासन-शब्दकल्पतरूत मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी एका पंगतीला बसल्यात. कोणी बाटलं नाही.

शुद्धपक्ष: तो राज्यकारभाराचा कोश. त्यात पेशी असलीच तर कचेरीतली असेल.

सुरसागरकाठ: जपान्यांकडून शिका. गुणसूत्रांच्या जुळ्या धाग्यांना बांधून ठेवतं ते कोहेसिन. मधल्या जागी, सेंट्रोमियरपाशी, ते वेळेआधी सुटू नये म्हणून पहारा देणाऱ्या प्रथिनाला त्यांनी ‘शुगोशिन’ म्हटलं, म्हणजे रक्षक देवता. आज जगभर तेच नाव चालतं. आपल्याकडे सापडलं असतं तर समिती बसली असती.

काकू_बडोदे: क्षेत्रपाळ! काय वाईट आहे?

मांडवीकर: मंडळी, नियमनाचं काय? छापायला द्यायचंय.

दांडियाबाजार: ते ‘रोखतात’ करा. पण मला सांगा, ऊती कुठून आला? उतू जाण्याशी संबंध?

शुद्धपक्ष: छे. संस्कृत ‘ऊति’, विणणं. इंग्रजी टिशूही मुळात विणलेलं कापडच.

रावपुरावाला: मग गुजरातीत पेशी कशी झाली, ते सांगा ना.