विषय: जर्सी सोडून टेक्सासला जावं का?

नमस्कार मंडळी,

मुलगी कॉलेजला गेली, माझं काम आता कायमचं घरून, आणि परवा घराच्या टॅक्सचं तिमाही बिल आलं. २०२४ मध्ये न्यू जर्सीतलं सरासरी वार्षिक बिल १० हजार डॉलरच्या वर गेलं. आमचं त्याच्याही बरंच पुढे आहे. वर राज्याचा इन्कम टॅक्स. डॅलसजवळ फ्रिस्कोला मेहुणा राहतो. फोन उचलला की पहिलं वाक्य ‘आमच्याकडे स्टेट टॅक्स शून्य’, दुसरं ‘गॅरेज तीन गाड्यांचं’. खरंच हिशेब जमतो का? दोन्हीकडे संसार केलेल्यांनीच लिहा.

– एडिसनकर

---

एडिसनकर,

१२ वर्षं जर्सीतल्या पार्सिपनीत काढली. २०१९ ला बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) अधिवेशनासाठी डॅलसला आलो, नाटकं कमी आणि घरं जास्त बघितली, आणि दिवाळी डॅलसजवळ प्लेनोत केली.

इन्कम टॅक्स नाही हे खरं. त्याच वर्षी मतदान होऊन तो राज्यघटनेतच बंद झाला. पण शाळा, शहर, काउंटी यांना पैसा लागतोच, तो घरावर वसूल होतो. नव्या वसाहतींत दर दोन टक्क्यांच्याही वर जातो. तुम्ही जर्सीचं घर विकून इथे दीडपट मोठं घेणार (सगळे घेतात), म्हणजे बिल होतं तिथेच. वसंतात मूल्यांकनाचं पत्र येतं आणि १५ मेच्या आत आम्ही सगळे त्यावर प्रोटेस्ट, म्हणजे हरकती, करत बसतो. आल्या आल्या होमस्टेडचा (राहत्या घराच्या टॅक्स सवलतीचा) अर्ज भरा, मग करासाठीचं मूल्यांकन वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढत नाही. पासष्टीनंतर शाळेचा टॅक्स गोठतो, ही मात्र खरी कमाई.

मेहुण्याने न सांगितलेलं: इथली माती चिकण. उन्हाळ्यात आकसते आणि घराचा पाया हलतो, म्हणून बागेआधी पायाला पाणी घालायचं. गारांनी छप्पर गेलं तर विम्यातला आपला वाटा घराच्या किमतीच्या एक-दोन टक्के. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत आमची वीज तीन दिवस नव्हती. टेक्सासची ग्रिड (विजेचं जाळं) बाकी देशापासून जवळजवळ तुटक, बाहेरून फारशी वीज आणता येईना. अर्थात २०१२ ला सँडी वादळात पार्सिपनीतही आठ दिवस मेणबत्त्याच होत्या, तेव्हा कोणाला नावं ठेवू?

तरी परत येणार नाही. जानेवारीत फावडं हातात घ्यावं लागत नाही.

– प्लेनोकर

---

दोघांनाही नमस्कार. मी उलट्या वाटेची, डॅलसजवळच्या आयर्विंगहून जर्सीत एडिसनला आलेली. (पहिल्याच आठवड्यात पंपावर स्वतः गॅस (पेट्रोल) भरायला उतरले, तर तिथला मुलगा धावत आला. जर्सीत ते कायद्याने चालत नाही!)

टॅक्सचं तुम्ही बोललात. मी सासूबाईंचं सांगते. आयर्विंगला सहा महिने राहिल्या तेव्हा आम्ही ऑफिसला गेलो की खिडकीशी बसायच्या. बाहेर ४० अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकान तीन मैलांवर. देऊळ सुंदर, पण कोणी गाडीतून नेलं तर. इथे देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर चालत जातात, कढीपत्ता ताजा नाही म्हणून दुकानदाराशी भांडतात. तो गुजरातीत, त्या मराठीत. सोळा वर्षांचा मुलगाही मेट्रोपार्क स्टेशनला ट्रेन पकडून न्यूयॉर्कला जातो, माझ्या गाडीवाचून त्याचं अडत नाही.

हिवाळ्यात सासूबाई इथेही घरातच, ते कबूल. पण मार्च संपला की पिशवी घेऊन दारात उभ्या.

– ओक ट्रीवाली

---

ताई, प्लेनोकर, आभार. मेहुण्याला फोन करून विचारलं, ‘पायाला पाणी घालतोस का रे?’ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, हॉलच्या भिंतीला बारीकसा तडा आहे, पण रंगवून घेतलाय.

आई जुलैत येतेय. तिला घेऊन तीन आठवडे फ्रिस्कोलाच राहतो. दुपारी ३ वाजता तिला एकटीला कुठवर जाता येतं, ते कळवतो.

– एडिसनकर (अजून तरी)