विषय: वनस्पती उद्यानातला मंगळवारचा गट

नमस्कार मंडळी,

इथल्या सार्वजनिक वनस्पती उद्यानाला मदत करणारा बायकांचा एक गट आहे आणि आपल्या मंडळातल्या एक ताई त्यात बरीच वर्षं जातात, असं मागच्या कार्यक्रमात कळलं. मलाही यायची इच्छा आहे. पण मी वनस्पतिशास्त्र शिकलेले नाही, लॅटिन नावं येत नाहीत, आणि दिवसभर वाकून तण काढणं माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. मग माझा तिथे उपयोग काय होईल? ताई, सवडीने लिहाल का?

---

उ: वनस्पती उद्यानातला मंगळवारचा गट

नमस्कार. वयाने लहान असशील असं धरून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तण आम्ही काढतोच. विक्रीची रोपं करण्यासाठी फांद्या लावतो, शाळेच्या मुलांना बाग दाखवतो. पण मला विचारशील तर खरं काम हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या खोलीत असतं, आणि ते बसून करायचं असतं. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेले नमुने आमच्यासमोर येतात. त्याआधी ते काही दिवस उणे २० अंशांच्या खाली गोठवलेले असतात, कारण एक जरी किडा आत शिरला तरी कपाटच्या कपाट पोखरून टाकतो. मग तो नमुना जाड, आम्लरहित कागदावर मांडायचा. एक तरी पान उलटं ठेवायचं, म्हणजे पुढे कुणाला पानाची खालची बाजू आणि तिच्यावरची लव पाहता येते. जाड फांदी दोऱ्याने कागदाला टाचायची, गाठ मागे घ्यायची. गळून पडलेली बी, पाकळी, काहीही फेकायचं नाही. कागदाचं छोटं पाकीट करून ते त्याच पानावर चिकटवायचं. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी : नाव, कुठे मिळालं, कधी, कुणी गोळा केलं. शंभर वर्षांपूर्वी कुणी लावलेला नमुना हातात येतो तेव्हा टाके बघूनच कळतं, हात किती निगुतीचा होता.

लॅटिन नावांचं दडपण घेऊ नकोस. ती चिठ्ठीवर असतात, आपण फक्त अक्षर न् अक्षर तपासायचं. तेवढं मात्र डोळ्यांत तेल घालून. साधी सार्वजनिक बाग आणि वनस्पती उद्यान यांत फरक असतो तो नोंदीचाच. प्रत्येक झाडाला क्रमांक असतो, ते कुठून आलं, बी रानातलं की बागेतलं, हे वहीत असतं. १५४५ साली पादुआला उद्यान सुरू झालं ते औषधी वनस्पती नेमक्या ओळखता याव्यात म्हणून. ओळख चुकली तर औषध चुकणार, इतकं ते सरळ होतं.

माझ्या हातून हे एकदा चुकलंय. दोन ट्रेमधली रोपं बाहेर हलवताना नावांच्या पट्ट्या पडल्या आणि मी त्या अंदाजाने परत खोचल्या. दोन्ही एकाच कुळातली, दोन-दोन पानांची, डोळ्यांना सारखीच दिसत होती. दुपारी मी ते सांगितलं. बागेच्या माणसाने शांतपणे दोन्ही ट्रे खतात टाकले. धडधाकट रोपं होती, पण कुठली कुठली हे सांगता येत नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. तेव्हापासून पट्टी पडली की मी जागची हलत नाही, आधी हाक मारते.

बायकांचाच गट का, असंही विचारतात. सुरुवात झाली ती कामाच्या दिवशी सकाळी मोकळ्या असणाऱ्या बायकांपासून, आणि ते तसंच राहिलं. मला त्याचा अभिमान आहे. लंडनमधल्या क्यू वनस्पती उद्यानात १८९६ मध्ये पहिल्यांदा बायका माळी म्हणून लागल्या, तेव्हा त्यांना पुरुषी पोशाख घालायला लावला होता. आणि आपल्या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल इंग्लंडमध्ये विस्लीच्या बागेत मॅग्नोलियांवर काम करत होत्या. तिथल्या एका पांढऱ्या मॅग्नोलियाला त्यांचं नाव आहे. परक्या देशात मातीत हात घालणारी आपण काही पहिली नव्हे.

---

उ: उ: वनस्पती उद्यानातला मंगळवारचा गट

ताई, छान लिहिलंत. काचघरातल्या सोनचाफ्याची पाटी मध्यंतरी बदललेली दिसली, ते का? आणि भारतातून येताना मी काही बिया आणल्या तर बाग घेईल का?

---

उ: उ: उ: वनस्पती उद्यानातला मंगळवारचा गट

काका, सोनचाफा पूर्वी मिशेलिया चंपाका होता. आता तो मॅग्नोलिया चंपाका म्हणून ओळखला जातो, कारण मिशेलिया ही वेगळी प्रजाती न धरता मॅग्नोलियातच घेतली. पाटी आमच्याच गटाने बदलली. जुनं नाव नोंदीत तसंच ठेवलंय, नाहीतर जुने नमुने सापडणार नाहीत.

बिया मात्र कृपा करून आणू नका. रोग, कीड सोबत येते, म्हणून वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. शिवाय २०१० च्या नागोया करारानंतर, ज्या देशातली वनस्पती त्या देशाची परवानगी आहे की नाही हे उद्यानं बघतात. नोंद नसलेलं बी कितीही प्रेमाने दिलं तरी बागेला ते घेता येत नाही. घाणेरी आपल्याकडे शोभेची म्हणून आली, जलपर्णीही. आज रानं आणि तळी त्यांनी भरली आहेत, हे तुम्हीही पाहिलं असेल. तुम्हाला झाडं ओळखता येतात, तर शनिवारी पाट्या तपासायला या. शनिवारी पुरुषही असतात.

---

उ: उ: उ: उ: वनस्पती उद्यानातला मंगळवारचा गट

ताई, तुम्ही मला ‘तू’ म्हणालात तेच आवडलं, तसंच म्हणा. मी येत्या मंगळवारी येते. टाके घालायची सवय आहे, आईकडून शिकले. सुया-दोरा मी आणायचा की खोलीत असतो? आणि चष्मा जवळचा लागेल ना?