मदत हवी आहे: गाडीत बेस अजिबात नाही, कुठला सबवूफर घेऊ? (बजेट १५ हजार)

चाकण_अपडाउन (शुक्रवार, रात्री ९:१०)
गाडीतला साउंड सुधारायचाय. बेस नावाला नाही. आवाज कितीही वाढवा, नुसता पत्रा वाजल्यासारखं वाटतं. दुकानदार म्हणतो १२ इंची सब आणि अ‍ॅम्प टाका, विषय संपला. बजेट १५ हजार, फार तर १७. उद्या सुट्टी आहे, उद्याच बसवून टाकायचंय. कुठला घेऊ ते सरळ नाव सांगा. आधी हे वाचा, ते वाचा असलं काही नको, रोज जाऊन येऊन तीन तास गाडीत जातात, डोकं उठलंय.

गप्पिष्ट_नाशिक
गाडी कुठली ते लिहायचं राहिलं. बैलगाडी असेल तर वेगळं सुचवावं लागेल.

बारा_इंची_कोल्हापूर
दुकानदार बरोबर बोलतोय भावा. करायचं तर पूर्ण करायचं. १२ इंची, पोर्टेड (भोकवाला) बॉक्स, १००० वॅटचा मोनो अ‍ॅम्प. माझ्याकडे चार वर्षं आहे. बॉक्स तयार घेऊ नको, ओळखीच्या सुताराकडून १८ एमएमच्या एमडीएफचा करून घे. कागल सोडलं आणि आवाज वाढवला की मधला आरसा असा थरथरतो की मागची गाडी दोन-दोन दिसते. नाद खुळा!

निवृत्त_तंत्रज्ञ
बारा इंची साहेब, हे १००० वॅट आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे, की नुसते खोक्यावर छापलेले? आरएमएस असतील तर हिशेब करू. १००० भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे ७२ अँपिअर. तेही अ‍ॅम्पने स्वतः काही खाल्लं नाही असं धरून. लहान गाडीचा अल्टरनेटर दिवे, एसी, इंजिन सगळ्यांसाठी मिळून त्याच्याच आसपास देतो. मग ठेक्याबरोबर हेडलाइट मिचकावतात. तुमचे मिचकावतात ना?

बारा_इंची_कोल्हापूर
मिचकावतात. रात्री छान दिसतं.

चाकण_अपडाउन
वॅगनआर आहे, २०२१ची. अजून एकानेही मॉडेलचं नाव सांगितलेलं नाही.

जर्सी_सिटी_पुणेकर
इकडे अमेरिकेत क्रचफील्ड या कार ऑडिओच्या दुकानाच्या साइटवर गाडीचं मॉडेल टाकलं की कुठल्या दारात किती इंची स्पीकर बसतो, खोली किती मिळते, सगळं येतं. वायर न कापता जोडायचा कप्लरही तेच पाठवतात. मी माझ्या गाडीत शनिवारी दुपारी घरीच बसवला.

गप्पिष्ट_नाशिक
आणि त्यांच्याकडे वॅगनआर आहे का?

जर्सी_सिटी_पुणेकर
नाही, वॅगनआर इथे विकतच नाहीत. मी एक पद्धत म्हणून सांगितलं.

डोंबिवली_फास्ट_नाही
माझा साधा प्रश्न. एवढा मोठा खोका डिकीत बसवल्यावर भाजीच्या पिशव्या, मुलांची दप्तरं कुठे ठेवायची? आमच्या ह्यांनी २०१६ मध्ये असाच बसवला होता. दोन वर्षं आम्ही गॅसचा सिलिंडर मांडीवर घेऊन फिरल्यासारखे फिरलो.

चाकण_अपडाउन
डिकीत तशीही जागा नाही हो ताई, टाकी आहे ना.

निवृत्त_तंत्रज्ञ
कसली टाकी?

चाकण_अपडाउन
सीएनजीची. रोज चाकणला पेट्रोलवर कोण जाईल?

गप्पिष्ट_नाशिक
अहो मग १२ इंची कुठे, टपावर लावणार होतात?

चाकण_अपडाउन
दुकानदार म्हणाला टाकीच्या पुढे थोडी जागा आहे, आडवा बॉक्स करून देतो, खाली स्क्रू मारून पक्का बसवतो.

पिंपरी_वायरमन
थांबा थांबा. सीएनजी गाडीच्या फ्लोअरला खाली काय आहे ते न बघता स्क्रू मारू देऊ नका. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी हाय प्रेशरची नळी फ्लोअरच्या खालूनच जाते. मी कार ऑडिओचंच काम करतो. सीएनजीवाल्या गाडीत मी फक्त सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सब बसवतो. अ‍ॅम्प त्याच्या आतच असतो. पायोनियर, जेबीएल, केनवूड, सोनी, सगळ्यांचे येतात. उंची साधारण सात-आठ सेंटीमीटर. आज रात्रीच टेप घेऊन सीटखाली मोजा, सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून दोन्ही वेळा. सीटखाली ट्रे असेल तर तो काढावा लागेल.

वायरिंगच्या चार गोष्टी, या दुकानात उभं राहून करून घ्या. पॉवरची वायर थेट बॅटरीवरून, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच. फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायर घासून बॉडीला लागली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. वायर शुद्ध तांब्याची मागा. स्वस्त किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं. अर्थिंगला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, पण सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू देऊ नका. आणि आरसीए केबल (स्टिरिओतून सबकडे आवाज नेणारी) पॉवरच्या वायरीसोबत एकाच बाजूने नेऊ नका, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून कुंई आवाज येतो.

बारा_इंची_कोल्हापूर
सीटखालचा म्हणजे मोबाइलला व्हायब्रेटर. बेस अंगाला लागला पाहिजे.

पिंपरी_वायरमन
दादा, सीटखालीच असतो. अंगाला त्याच्याइतकं जवळ दुसरं काही नाही.

कंपोनंट_कट्टा
सगळे सबवर तुटून पडलेत, दारातल्या स्पीकरचं कोणीच बोलत नाही. माझं मत: सगळे पैसे पुढच्या दोन दारांवर घाला. ६.५ इंची कंपोनंट सेट (मोठा स्पीकर आणि बारीक आवाजाचा ट्वीटर वेगवेगळे), ट्वीटर वर आरशाच्या त्रिकोणात, दारात डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारं). कोअ‍ॅक्सियल (दोन्ही एकातच असलेला) घेऊ नका, ट्वीटर गुडघ्याशी वाजतो.

निवृत्त_तंत्रज्ञ
कोअ‍ॅक्सियलला सरसकट नावं ठेवू नका. अ‍ॅम्प नसेल, नुसत्या हेड युनिटवर (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर) चालवायचं असेल, तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती आवाज काढतो, ते बघा. युनिटवर ५० गुणिले ४ छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात चॅनेलमागे १५ ते २० वॅटच मिळतात. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला २० वॅट लागतात, तो ९१चा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. महागडा आळशी कंपोनंट लावून माणसं उगाच रडतात.

कंपोनंट_कट्टा
कान असणाऱ्याला फरक कळतो. बाकी ज्याची त्याची आवड.

डोंबिवली_फास्ट_नाही
अवांतर: गणपतीत आमच्या गल्लीत जे भिंतभर स्पीकर लावतात त्यांना हे वॅटचं गणित कोणी समजावेल का? खिडकीच्या काचा पाच दिवस हलत असतात. रात्री १० नंतर बंद हा नियम २०००पासून आहे म्हणे.

गप्पिष्ट_नाशिक
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, शंभरी नक्की. धागाकर्ते कुठे गेले? मोजायला सीटखाली अडकले का?

चाकण_अपडाउन
मोजलं, बसेल. पण कंपोनंट_कट्टांसाठी: स्पीकर मी दिवाळीतच बदलले. कंपनीचे काढून ६.५ इंची कंपोनंटच टाकले, साडेपाच हजार गेले. खरं सांगायचं तर तेव्हापासूनच बेस गेला. कंपनीचे होते तेव्हा बरा होता. म्हणून तर सब घ्यायचाय.

निवृत्त_तंत्रज्ञ
अहो, ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची!! काही विकत घेऊ नका. गाडीत जाऊन बसा. तबला किंवा पखवाज असलेलं काहीही लावा. इक्वलायझर सपाट करा, लाउडनेस बंद. आता बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या आणि डग्ग्याची घुमक ऐका. मग पूर्ण उजवीकडे. मग मधोमध. मध्ये आणल्यावर घुमक वाढायच्या ऐवजी बारीक होत असेल, तर एका दारातले प्लस-मायनस उलटे जोडलेत.

एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. ८० हर्ट्झच्या सुराची लाट चार मीटरहून लांब असते आणि तुमची गाडी रुंदीला दोन मीटरही नाही. मग दोन्ही स्पीकर एकमेकांचं खातात. बारीक आवाजांना तितका फरक पडत नाही, म्हणून नुसता पत्रा उरतो.

कंपोनंट_कट्टा
किंवा स्पीकरच्या रिंगला गास्केट लावलेलं नसेल. तरीही बेस जातो.

निवृत्त_तंत्रज्ञ
तेही शक्य आहे. पण आधी फुकटातलं बघू.

चाकण_अपडाउन (शनिवार, सकाळी ७:४०)
रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये बसून केलं. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. डावीकडे नेलं तर डग्गा आहे. उजवीकडे पण आहे. मध्ये आणला की गायब!! परत परत केलं, दर वेळी तेच. काकू वरून फोन करून विचारत होत्या की बरं वाटतंय ना.

निवृत्त_तंत्रज्ञ
झालं. कुठलंही एक दार उघडा. स्पीकरला वायर जोडायच्या दोन पात्यांपैकी रुंद पातं बहुतेक वेळा प्लस असतं. अदलाबदल एकाच दारात करा, दोन्हीकडे कराल तर पुन्हा तिथेच.

पिंपरी_वायरमन
दार उघडताय तर आतलं प्लॅस्टिक फाडू नका, पावसाचं पाणी तिथून खाली जातं. आणि रिंग लाकडी असेल तर प्लॅस्टिकची घ्या. एमडीएफ पहिल्या पावसाळ्यात फुगतो, बिस्किटासारखा होतो.

बारा_इंची_कोल्हापूर
माझा बॉक्स चार वर्षांत फुगला नाही.

पिंपरी_वायरमन
तुमचा डिकीत आहे दादा, दारात नाही.

चाकण_अपडाउन (शनिवार, दुपारी ४:१५)
मित्राच्या गॅरेजमध्ये ड्रायव्हर साइडचं पॅनेल काढलं. तीन क्लिपा तुटल्या. वायर उलटीच होती. प्लसच्या वायरीवर दुकानवाल्यानेच पांढरी टेप गुंडाळलेली आणि तीच बारीक पात्यावर! आणि रिंगच्या मागे फोमबिम काही नाही, तीनच स्क्रू, चौथं भोक रिकामं. वायर बदलली, फोमची पट्टी लावली, चौथा स्क्रू मारला. खर्च साठ रुपये आणि दोन चहा. बेस आला. माझ्या मते कंपनीच्या स्पीकरपेक्षाही बरा आलाय. फक्त मोठ्या आवाजाला दार किरकिरतं.

काका, तुमचे उपकार. आता सब घेऊ की नको तेच कळेना, १५ हजार खिशात तसेच आहेत.

निवृत्त_तंत्रज्ञ
महिनाभर असंच ऐका. किरकिरीला दोन्ही दारांत ब्यूटाइलचं डॅम्पिंग करा. एवढं करूनही कमी वाटलं तर सीटखालचा आणा, तेव्हा दाराच्या स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचा बेस अडवणारा फिल्टर) लावायला विसरू नका. तुमच्या युनिटमध्ये ती सोय आहे का बघा.

बारा_इंची_कोल्हापूर
१५ हजारांत माझा वापरलेला अ‍ॅम्प देतो. विचार कर भावा.

गप्पिष्ट_नाशिक
एक शंका. दिवाळीत स्पीकर बसवणारं दुकान आणि आता १२ इंची सांगणारं दुकान, दोन वेगळी का?

चाकण_अपडाउन
एकच.

सातारी_कंदी
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण माझा सल्ला: १० इंची, सील्ड बॉक्स, डिकीत.